आंबोलीचा सडा

आज दिवसभर आंबोलीत होतो. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तरीही सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावर गेलो.

वरवर पाहिलं तर सडा म्हणजे ओसाड जांभा दगड. त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. पण गुडघे टेकून बघा! दगडाच्या वीतभर खळग्यात साचलेलं पाणी, कडेला शेवाळ आणि त्यात अंगावर पिवळे पट्टे मिरवणारा, अंगठ्याएवढा बेडूक. हा ‘आंबोली टोड’. शास्त्राला त्याची ओळख 2009 साली झाली. पहिल्या पावसाच्या अशा डबक्यांतच तो अंडी घालतो, डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत. एवढ्या घाईचं आयुष्य!

दुपारी हिरण्यकेशीच्या उगमावर गेलो. समुद्र इतका जवळ, तरी ही नदी पाठ फिरवून पूर्वेला निघते, घटप्रभेला मिळते, पुढे कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला. देवळाच्या कुंडात जो छोटा मासा आहे, तो 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. त्याच्यासाठी 2021 साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाची जागा म्हणून गावाने पाणी जपलं, म्हणून तो टिकला असं मला मनापासून वाटतं.

मित्रांनो, धबधब्याला जरूर या, पण गाडी सड्यावर घालू नका. चाकाखाली येणाऱ्या त्या डबक्यात अंडी असतात.