येऊरच्या कुजक्या फांदीवरचे गुलाबी पेले

श्रावणात येऊरला निघालेल्या गर्दीला धबधबा हवा असतो. आम्हाला कुजकी लाकडं हवी होती. ठाणे स्टेशनहून टीएमटीच्या बसने उपवन मागे टाकलं, चढ चढला आणि उतरून पाटोणपाड्याच्या बाजूने चालू लागलो. पाऊस नुकता उघडला होता. डासांबद्दल लिहीत नाही. येऊर पाहिलेल्यांना ते ठाऊक आहेत.

पेल्याच्या आकाराची अळंबी शोधायची तर नजर घोट्याच्या वर न्यायचीच नाही. ओढ्याकाठी, सावलीत, साल सुटू लागलेली फांदी दिसली की उकिडवं बसायचं. अशाच एका फांदीवर ती सापडली: बारीक दांडीवर उभे फिकट गुलाबी पेले, रुंदीला जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि काठावर नि बाहेरून सुरवंटासारखे लांब केस. कुकीना ट्रायकोलोमा! मॉर्डेकाय क्युबिट कुक (१८२५–१९१४) या इंग्रज कवकतज्ज्ञाच्या सन्मानार्थ ऑटो कुंट्झ यांनी १८९१ मध्ये या प्रजातीला कुकीना नाव दिलं. कुक लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये नोकरीला होते. कुकीना उष्ण प्रदेशातली. तिच्याच कुळातले लालभडक पेले युरोपात ऐन थंडीत उगवतात.

खरी गंमत पेल्याच्या आत आहे. छत्रीवाल्या अळंबीचे बीजाणू छत्रीखालून गळतात. इथे पेल्याच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या दाटीने उभ्या असतात, प्रत्येकीत साधारण आठ बीजाणू. नळीत दाब वाढत जातो, टोकाला झाकण असतं. वाऱ्याची झुळूक आली, हवेतला ओलावा जरा बदलला, की हजारो झाकणं एकदम उघडतात. आम्ही फुंकर घालून पाहिली. पहिल्या पेल्यात पावसाचं पाणी साचलेलं, काहीच झालं नाही. शेजारच्या कोरड्या पेल्यातून मात्र भसकन पांढरा धूर निघाला आणि माझा मित्र चक्क मागे सरकला.

टाकळ्याची जुडी घेऊन चाललेल्या एका मावशी आमचं फुंकणं बघत थांबल्या. "मावशी, हे खातात का?" "नाय बा. खायची अळंबी वारुळावर येते." अगदी खरं. ती बुरशी वाळवी स्वतःच वारुळात पोसते, तिची शेतीच करते म्हणा ना. मावशींना आमच्या पेल्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं, आणि का असावं?

जाणार असाल तर भिंग न्या. आतल्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे फांदी शोभेला म्हणून घरी आणायची नाही. तशीही ती घरी सुकून जाईल. पाऊस ओसरला की जंगलातही हे पेले आक्रसतात, तेव्हा बेत जुलै-ऑगस्टमध्येच आखा.