एव्रोचा वंशवृक्ष: भाचा, पुतण्या आणि मावशी

गेले तीन आठवडे बैठकीच्या खोलीतली सतरंजी एव्रोच्या काउंटांनी, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या एका मध्ययुगीन सरदार घराण्यानं, अडवली आहे. एका माणसाचं एक कार्ड, रक्ताच्या नात्याला लाल दोरा, लग्नाला पिवळा. वरपासून 1200पर्यंतची मांडणी काल पक्की झाली, म्हणून आज ही नोंद.

सुरुवात सोपी होती. नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड, त्याचा मुलगा रॉबर्ट. हा रूआँचा आर्चबिशपही होता आणि एव्रोचा काउंटही, शिवाय बायकामुलांचा संसारी गृहस्थ. 1037मध्ये तो गेल्यावर मुलगा रिचर्ड काउंट झाला, 1067मध्ये नातू विल्यम. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्या 1066च्या हेस्टिंग्जच्या लढाईत होते असं खात्रीनं सांगता येतं अशा मोजक्या माणसांत या विल्यमचं नाव आहे. इथवर लाल दोरा सरळ खाली येतो, आणि विल्यमपाशी थांबतो. विल्यम आणि हेलविस यांना मूल नव्हतं.

माझी चूक झाली ती इथे. पुढचा दावेदार अमोरी द मोंफोर. इंग्रजी पुस्तकात त्याला ‘नेफ्यू’ म्हटलंय, तेवढ्यावर मी पेन्सिलीनं ‘पुतण्या’ लिहून मोकळा झालो आणि विल्यमला एक भाऊ असणार असं धरून रिकामं कार्डही ठेवलं. दोन संध्याकाळी त्या भावाच्या शोधात गेल्या. हा काळ आपल्याला कळतो तो मुख्यतः साँ-एव्रूलच्या मठातल्या ओर्देरिक व्हितालिस या बखरकार साधूमुळे, आणि तो लिहितो लॅटिनमध्ये. लॅटिनचा ‘नेपोस’ तर भाचा, पुतण्या, नातू अशा सगळ्यांना चालतो. शेवटी नावावरून नव्हे, आईवरून शोधलं तेव्हा उलगडा झाला. अमोरी हा विल्यमच्या सख्ख्या बहिणीचा, ॲग्नेसचा मुलगा. म्हणजे भाचा. त्या एका शब्दात सगळा वाद आहे: एव्रोचं घराणं बापाकडून संपलं होतं आणि दावा आला होता बहिणीकडून, दुसऱ्या घराण्याचं नाव घेऊन.

तेव्हापासून प्रत्येक दोऱ्यावर मराठी नातं लिहितो आहे. वंशवृक्ष करणाऱ्या सगळ्यांना हे मनापासून सुचवेन. काका, मामा, आत्या, मावशी लिहिलं की वारसा कुठल्या बाजूनं आला ते दोऱ्यावरच वाचता येतं.

ॲग्नेसच्या लग्नाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. तोनी घराण्याचा राल्फ हा तिचा सावत्र भाऊ. त्यानं तिला रात्रीतून पळवून नेलं, सिमों द मोंफोरला दिलं आणि बदल्यात सिमोंची आधीच्या लग्नाची मुलगी इझाबेल स्वतः करून घेतली. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. सतरंजीवर तिथे दोन पिवळे दोरे एकमेकांना काटतात, आणि तो फुलीचा आकार मला सबंध मांडणीत सगळ्यात आवडतो. मात्र ‘सावत्र’ या शब्दानं मला अडवलं. राल्फ आणि विल्यम यांची आई एक, बाप वेगळे. राल्फमध्ये एव्रोचं रक्त नाही, म्हणून त्याच्या मुलांचा एव्रोवर हक्कही नाही. तिथे दोऱ्यावर ‘आई एक, बाप वेगळे’ असंच लिहिलं आहे.

ॲग्नेसची मुलगी बर्त्राद वाढली मामाच्याच घरी. आंजूचा काउंट फुल्क यानं तिला मागणी घातली तेव्हा नॉर्मंडीचा त्या वेळचा ड्यूक रॉबर्ट याला फुल्कची मदत हवी होती, आणि तिच्या लग्नाला होकार देण्याच्या बदल्यात विल्यमनं ड्यूककडे आपला काका राल्फ द गासे याच्या जमिनी मागून घेतल्या. एकाच माणसाचे दोन वारसे शेजारी ठेवून पाहा: काकाची जमीन त्यानं पुतण्या म्हणून मागितली, त्याची स्वतःची काउंटी भाच्याकडे जाणार होती. बर्त्राद पुढे 1092मध्ये फुल्कला सोडून फ्रान्सचा राजा पहिला फिलिप याच्याकडे गेली.

18 एप्रिल 1118ला विल्यम वारला. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री तेव्हा नॉर्मंडीचाही धनी होता आणि त्यानं काउंटी अमोरीला द्यायचं नाकारलं. मला त्याचं कारण उघड वाटतं: मोंफोर फ्रान्सच्या राजाच्या प्रदेशात, आणि एव्रो ऐन सीमेवर. अमोरीनं एव्रोचा किल्ला बळकावला. 1119मध्ये हेन्रीनं बिशपची संमती घेऊन गावाला आग लावली, आणि तीत चर्चही जळलं. किल्ला लढवणाऱ्यांत बर्त्रादची फ्रान्सच्या राजापासून झालेली मुलं होती, म्हणजे अमोरीचे भाचे. मामाचा वारसा मागणाऱ्यासाठी त्याचेच भाचे तटावर उभे! हे कार्ड ठेवताना मी बराच वेळ तिथेच बसलो होतो. त्याच वर्षी समेट झाला, किल्ला हेन्रीच्या स्वाधीन झाला आणि अमोरी काउंट झाला.

क्रमांकांबाबत एक सूचना. हाच अमोरी मोंफोरच्या यादीत तिसरा आणि एव्रोच्या यादीत पहिला आहे. मी क्रमांक सोडून मृत्यूचं वर्ष लिहितो: अमोरी 1137.

पुढची पिढी भराभर झाली. त्याचे दोन मुलगे एकामागून एक काउंट झाले. धाकटा सिमों 1181मध्ये वारल्यावर मोंफोर एका मुलाकडे, एव्रो दुसऱ्याकडे. मग मे 1200चा ल गुलेचा तह: इंग्लंडच्या राजा जॉननं एव्रो फ्रान्सच्या राजाला देऊन टाकलं आणि तेव्हाच्या काउंटला, हाही अमोरीच, भरपाई म्हणून इंग्लंडमधली ग्लॉस्टरची अर्लकी दिली. ती काही परकी नव्हती. त्याची आई मेबल ग्लॉस्टरच्या अर्लची मुलगी होती, म्हणजे ते त्याचं आजोळ. मेबलची बहीण इझाबेल ही जॉनची पहिली बायको, तिच्यापायीच ग्लॉस्टर जॉनच्या हाती होतं.

आज रात्री हाच दोरा लावायचा आहे. अमोरीला मूल नव्हतं, आणि 1213च्या सुमारास तो वारल्यावर अर्लकी इझाबेलकडे आली, भाच्याकडून मावशीकडे. सतरंजीवर खालून वर जाणारा हा पहिलाच दोरा, म्हणून त्याच्यासाठी हिरवा रंग काढून ठेवला आहे.