झाकणाआडचा पट्टा आणि त्याच्या सोबतीचा पंप

गाडी रात्री जिथे उभी असते तिथे मी एक जुना पुठ्ठा अंथरून ठेवतो. गेल्या महिन्यात एका सकाळी त्या पुठ्ठ्यावर नाण्याएवढा गुलाबी डाग दिसला. ऑइल असते तर डाग काळपट दिसला असता, एसीचे पाणी असते तर तो एव्हाना वाळून गेला असता. माझ्या गाडीत गुलाबी असे फक्त कूलंटच, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रवच, आहे. विजेरी घेऊन खाली वाकलो तेव्हा टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या) प्लॅस्टिकच्या झाकणाच्या खालच्या कडेला मिठासारखी पांढुरकी-गुलाबी खपली धरलेली दिसली, आणि गळती कुठून होते आहे हे शोधण्याचे काम तिथेच संपले: त्या झाकणाआड कूलंट फिरवणारा वॉटर पंप बसलेला आहे.

वॉटर पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाणी ढकलणारा पंखा असतो, दुसऱ्या बाजूला बेअरिंग असते आणि या दोघांच्या मध्ये पाणी अडवून धरणारे सील असते. सील आणि बेअरिंग यांच्यामधल्या जागेतून बाहेर निघणारे एक बारीक भोक पंपाच्या अंगातच ठेवलेले असते. सील झिजून पाणी पाझरू लागले तर ते बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे आणि मालकाला त्याची खूण दिसावी, एवढ्यासाठीच ते भोक असते. नव्या पंपाच्या तोंडी सुरुवातीला किंचित ओल दिसली तर घाबरण्याचे कारण नसते. पण खपलीवर खपली चढत असेल आणि खाली थेंब पडत असतील, तर सीलचे आयुष्य संपले असे खुशाल समजावे.

पंप बाहेरच्या साध्या पट्ट्यावर फिरत असता तर प्रश्न एका दुपारचा होता. माझ्या इंजिनात मात्र तो टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पंपापर्यंत पोहोचण्यासाठी बेल्ट काढावाच लागतो. गाडीचे ९४,००० किलोमीटर झाले होते आणि तिच्या पुस्तिकेत बेल्ट बदलण्याची मुदत १ लाख किलोमीटर दिलेली आहे. (ही मुदत प्रत्येक इंजिनाची वेगळी असते आणि किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा असते, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावून घेऊ नये.) सहा हजार किलोमीटरसाठी जुना बेल्ट परत चढवणे हा शुद्ध कंजूसपणा ठरला असता.

याची उलट बाजू मी आधीच्या गाडीत अनुभवली आहे. तेव्हा एका गॅरेजमध्ये बेल्ट बदलून घेतला आणि पंप ‘अजून चांगला आहे’ म्हणून तसाच ठेवला गेला. मीही मान डोलावली. पुढे दीड वर्ष उलटायच्या आत तो चांगला पंप गळू लागला, कूलंट नव्या बेल्टवर उडाले, आणि जे सगळे खोलून झाले होते ते पुन्हा खोलावे लागले. या कामात सुट्या भागांपेक्षा तिथवर पोहोचण्याचे कष्टच मोठे असतात. चाक, आतले मडगार्ड, बाहेरचा पट्टा, इंजिनाचे एक माउंटिंग, क्रँकची पुली, वरचे झाकण, खालचे झाकण एवढे सगळे बाजूला केल्यावर पंप काढण्यासाठी उरतात ते जेमतेम पाच-सहा बोल्ट. म्हणून बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, त्याला वाट दाखवणारे आयडलर हे मोकळे चाक आणि पंप हे माझ्या लेखी आता एकाच वस्तूचे चार तुकडे आहेत. पंपाचे बेअरिंग अडकले तर तो धडधाकट बेल्टही तोडतो. आणि गळणारे कूलंट बेल्टच्या रबराला मानवत नाही.

बेल्ट तुटला तर काय होते, हे ज्याने पाहिलेले नाही त्याला एवढा आटापिटा अनाकलनीय वाटतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो, आणि त्यातली प्रत्येक वेळ पिस्टनच्या चालीशी जुळलेली असते. पुष्कळ इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकाच वेळी पुरेल एवढी जागाच नसते. दोघे आलटून पालटून ती वापरतात आणि ही पाळी सांभाळण्याचे काम बेल्ट करतो. तो तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पण क्रँकशाफ्ट गाडीच्या वेगाने फिरतच राहतो, आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून त्याची दांडी वाकवतो. मग हेड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याखेरीज गत्यंतर नसते. काही इंजिनांत ही जागा पुरेशी ठेवलेली असते. तिथे बेल्ट तुटल्यावर गाडी फक्त बंद पडते. आपले इंजिन यांपैकी कोणते, हे मालकाने एकदा तरी पाहून ठेवावे.

रबरी दातेरी पट्ट्यावर कॅमशाफ्ट फिरवणे ही कल्पना मोटारींच्या इतिहासात फार जुनी नाही. जर्मनीतल्या ग्लास कंपनीची १००४ ही १९६२ साली आलेली छोटी गाडी असा पट्टा घेऊन कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेली पहिली मानली जाते. साखळीपेक्षा तो हलका, आवाज न करणारा आणि तेलाची गरज नसलेला असतो. त्याच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात, ते ताण सोसतात. दात्यांवर नायलॉनचे कापड असते, ते झीज सोसते. काचतंतू ओढ उत्तम सहन करतात, पण घडी त्यांना सोसत नाही. म्हणून नवा बेल्ट खोक्यातून काढताना पिळू नये, उलटा वळवू नये, की मुठीत दाबून खिशात कोंबू नये. जुना काढल्यावर माझ्या हातात आलेला बेल्ट दिसायला जवळजवळ नवा होता. एकही भेग नव्हती, फक्त एका कडेला दोन-तीन धागे सुटलेले होते. आजच्या रबराचे हेच फसवे आहे. वरून पाहून ‘अजून चालेल’ म्हणता येत नाही.

कामाची सुरुवात थंड इंजिनावर, बॅटरीची ऋण बाजू सोडवून केली. कूलंट झाकणाच्या बादलीत काढून घेतले, कारण त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि मांजर-कुत्र्यांसाठी जीवघेणे ठरते. ऑइलच्या टाकीखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाला आधार दिला आणि मग माउंटिंग सोडवले. फळी न ठेवता जॅक थेट टेकवला की टाकीच्या पत्र्याला पोचा पडतो, हे ज्ञान मी पूर्वी स्वखर्चाने मिळवलेले आहे.

सर्वांत हट्टी निघाला तो क्रँकच्या पुलीचा बोल्ट. पुली धरून ठेवणारे हत्यार आणि मीटरभर लांबीचा दांडा लावूनही तो पहिल्या तीन प्रयत्नांत हलला नाही. चौथ्या वेळी जो आवाज झाला त्याने मला वाटले की काहीतरी मोडले. दांडा चासीला टेकवून स्टार्टरचा झटका देण्याची युक्ती काही जण सांगतात. दांडा निसटला तर तो हाडाचा किंवा काचेचा तुकडा पाडल्याशिवाय थांबत नाही, म्हणून मी ती केली नाही, कोणी करू नये. तितकीच वाईट सवय म्हणजे कॅमशाफ्ट रोखण्यासाठी घातलेल्या पिनांच्या भरवशावर बोल्ट सोडवणे. त्या पिना खूण धरून ठेवण्यासाठी असतात, जोर झेलण्यासाठी नाही. नवा बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत (पिळण्याच्या जोरापर्यंत) आणि मग दिलेल्या अंशांपर्यंत आवळायचा होता. असा आवळताना ताणला जाणारा बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, हे तिथेच लिहिलेले असते आणि तरीही तो सर्रास वापरला जातो.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून तिन्ही खुणा जुळवल्या, म्हणजे क्रँकच्या चाकाची एक आणि दोन कॅमच्या चाकांची प्रत्येकी एक. टेन्शनर सैल केला आणि बेल्ट उतरवला. पंप निघाला तेव्हा उरलेसुरले कूलंट मनगटावरून कोपरापर्यंत गेले. तो हातात घेऊन फिरवला तर आत वाळू असल्यासारखी खरखर लागली आणि पुली धरून हलवली तर दांडा कळेल इतका डुलला. गळती नुसती सीलची नव्हती तर. बेअरिंगही वाटेवर होते.

पंप बसतो ती जागा साफ करण्यात अर्धा तास गेला, आणि या अर्ध्या तासात घाई करणाऱ्याला सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते. पृष्ठभाग अल्युमिनियमचा असतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला की चर पडतो आणि त्या चरातून नवा पंपही गळतो. मी प्लॅस्टिकची पट्टी आणि कापड वापरले. माझ्या पंपाला रबरी रिंग आहे, त्यामुळे वर चिकट सीलंट थापायचे नव्हते. जिथे कंपनीने सांगितलेले नाही तिथे ते लावले तर त्याचे सुटलेले तुकडे कूलंटच्या वाटा तुंबवतात. सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचे होते. हा जोर इतका कमी असतो की लांब पान्याने काम करणारा हात तो सहज ओलांडतो आणि अल्युमिनियममधले आटे उपटून काढतो. त्यासाठी छोटा टॉर्क पाना हवा, आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायला हवेत.

नवा बेल्ट क्रँकच्या चाकापासून सुरू करून, समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने वर चढवला: आयडलर, पहिला कॅम, दुसरा कॅम, मग पंप आणि शेवटी टेन्शनर. ज्या बाजूने क्रँक बेल्टला ओढतो ती बाजू आधी ताठ करायची आणि सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला आणायची, हे त्यामागचे गणित. टेन्शनरचा काटा खाचेसमोर आणला, बोल्ट आवळला, कॅमच्या पिना काढल्या. खुणा डोळ्यांना जुळलेल्या दिसत होत्या आणि मी मनातल्या मनात झाकण लावायलाही घेतले होते.

मग स्पार्क प्लग काढून, क्रँकचा बोल्ट पान्यात धरून, इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवले. प्लग नसले की सिलिंडरमधली हवा विरोध करत नाही, त्यामुळे मध्येच काही अडकले तर ते हाताला लगेच कळते. अडकले तर तिथेच थांबायचे, जोर द्यायचा नाही. अडकले काही नाही. पण क्रँकची खूण जागेवर आली तेव्हा दोन्ही कॅमच्या खुणा बरोबर एक दात मागे होत्या. क्रँक आणि पहिल्या कॅमच्या मधल्या भागात थोडी ढिलाई राहून गेली होती. क्रँकने आधी ती ओढून घेतली आणि मग कॅम हलले. माझ्या इंजिनात कॅमच्या चाकाला ४० दाते आहेत, तेव्हा एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. एवढ्या चुकीवर इंजिन बहुधा सुरू झाले असते, ओढ कमी लागली असती, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला असता आणि मी आठवडाभर सेन्सरला दोष देत बसलो असतो. बेल्ट उतरवून पुन्हा बसवायला वीस मिनिटे लागली. पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा. या वेळी जुळल्या, आणि टेन्शनरचा काटाही खाचेतच राहिला.

नव्या बेल्टच्या पाठीवर रंगवलेल्या रेघा मात्र या दोन फेऱ्यांनंतर चाकांच्या खुणांसमोर येत नाहीत, आणि तशी अपेक्षाही करू नये. बेल्टच्या दात्यांची संख्या चाकाच्या दात्यांच्या पटीत नसली की रेघा पुष्कळ फेऱ्यांनंतरच मूळ जागी परततात. त्या फक्त बसवतानाच्या सोयीसाठी असतात. तपासायच्या त्या चाकांवरच्या खुणा.

जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. नवे कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरले, हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवला आणि झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले. पहिल्या दहा मिनिटांत बुडबुडे येत राहिले आणि पातळी दोनदा खाली गेली. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडल्यावर रेडिएटरची वरची नळी एकदम तापली, थोड्या वेळाने पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. हीटरमधून सतत गरम हवा येत होती, म्हणजे आत हवेचा फुगा अडकलेला नव्हता. झाकण लावले आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरली होती, ती भरून काढली. त्यानंतर आठवडाभर ती हललेली नाही. बेल्टच्या झाकणावर पांढऱ्या मार्करने तारीख आणि ९४,००० हा आकडा लिहिला आहे, आणि गाडीखाली नवा पुठ्ठा अंथरला आहे, कारण जुन्यावरच्या डागांत आता नवा कोणता हे ओळखता येत नव्हते.