जीआर निघाला म्हणून पेटलेली होळी

इटलीतल्या तोरिनोहून निघालेली आगगाडी पिनेरोलोला संपते. पुढे तोर्रे पेल्लीचेपर्यंत रूळ आहेत, पण २०१२ पासून त्यांवर गाडी धावत नाही. उरलेला रस्ता बसने. १६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्या बसमध्ये बसले, ती ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आग्रहामुळे. "आमच्याकडे उद्या सण आहे, आज रात्री आग असते," एवढंच ती म्हणाली होती. ती वाल्देझी. बहुसंख्य कॅथलिक वस्तीच्या देशात हे मूठभर प्रोटेस्टंट, आणि त्यांचं घर म्हणजे आल्प्सच्या कुशीतली ही पेल्लीचे, किसोने आणि जेर्मानास्काची खोरी.

अंधार पडल्यावर गावाच्या वरच्या अंगाला गेलो. फांद्यांचा पुरुषभर उंच ढीग, भोवती लोकरी टोप्या, गरम वाइनचे पेले. ढीग पेटला आणि मला सवयीने बोंब मारायचा मोह झाला. तेवढ्यात मंडळींनी संथ सुरात स्तोत्र धरलं, तेही फ्रेंचमध्ये. इटलीत फ्रेंच कसं? तर १६३० च्या प्लेगात इथले जवळजवळ सगळे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, गेले, त्यांच्या जागी जिनिव्हाकडून फ्रेंच बोलणारे आले आणि उपासनेची भाषाच बदलली. गाणं चालू असताना मैत्रिणीची आई समोरच्या उतारांकडे बोट दाखवत मोजत होती. एक, दोन, पाच... आंग्रोन्याच्या बाजूला आणखी एक. सात मोजल्यावर धुराने डोळे भरले आणि मी नाद सोडला.

"सिन्योरा, ही आग नक्की कशाची?" मी विचारलं.

"बातमीची," त्या म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी १८४८ ला सार्डिनियाचा राजा कार्लो आल्बेर्तो (ही खोरी तेव्हा त्याच्याच राज्यात) याने एका फर्मानावर सही केली, आणि वाल्देझींना इतर प्रजेसारखे नागरी व राजकीय हक्क मिळाले. बातमी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पोचवायला डोंगरावर आगी पेटवल्या, असं इथे सांगतात. मला याचीच गंमत वाटली. सण धार्मिक समाजाचा, पण त्यात ना देवाचा जन्म, ना राक्षसाचा वध. एक सरकारी कागद निघाला, त्याचा सण! आपल्याकडे जीआर निघाला म्हणून कोणी होळी पेटवल्याचं ऐकिवात नाही.

पण कागदाच्या आधीचं ऐकलं की हसू मावळतं. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ल्योंच्या वाल्दो नावाच्या व्यापाऱ्याने संपत्ती वाटून टाकली, बायबल लोकांच्या बोलीत आणवलं आणि रस्त्यावर प्रवचन करू लागला. (ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधी. आळंदीकरांनी वाल्दोला ओळखलं असतं.) ११८४ मध्ये चर्चने त्याच्या अनुयायांना, म्हणजेच वाल्देझींना, बहिष्कृत केलं. १५३२ मध्ये ते प्रोटेस्टंट सुधारणेला जाऊन मिळाले. १६५५ च्या ईस्टरला खोऱ्यात कत्तल झाली. १६८६ मध्ये उरलेल्यांना कैद, मग हद्दपारी. तीन वर्षांनी नऊशेच्या आसपास पुरुष आंरी आर्नो नावाच्या पाळकाच्या मागे जिनिव्हाच्या सरोवराकाठून शस्त्रं घेऊन पायी डोंगर ओलांडत परत आले. त्यानंतरही खोऱ्याबाहेर जमीन घ्यायची नाही, विद्यापीठात पाऊल टाकायचं नाही, हे चालूच.

म्हणून फर्मानात शाळा-विद्यापीठांत शिकण्याचा आणि पदव्या मिळवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि लगेच पुढे एक 'पण' आहे: त्यांच्या उपासनेबाबत आणि त्यांच्या शाळांबाबत काहीही बदललेलं नाही. म्हणजे डॉक्टर व्हा, वकील व्हा, प्रार्थनेचं मात्र जुनंच चालू द्या. अवघ्या पंधरवड्यात राज्यघटना आली, तिच्या पहिल्याच कलमात कॅथलिक हा राज्याचा एकमेव धर्म आणि बाकीचे 'सहन केलेले'. सिन्योरांना तो 'पण' तोंडपाठ होता. माझा अंदाज, इथे प्रत्येक घरात तो पाठ असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडच्या मागे मिरवणूक. काही बायका पारंपरिक वेशात, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. ती इस्त्री म्हणजे आमच्या नऊवारीच्या निऱ्यांइतकंच जिकिरीचं काम, असं नंतर कळलं. वाटेत बेकविथचं नाव दिलेला रस्ता. वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेला हा इंग्रज अधिकारी या खोऱ्यांत येऊन राहिला आणि वाड्यावस्त्यांवर शाळा उभारत सुटला. १८५२ चं प्रार्थनामंदिर आतून अगदी कोरं, ना मूर्ती ना तसबीर. जळती मेणबत्ती हे या समाजाचं चिन्ह, 'अंधारात प्रकाश उजळतो' या लॅटिन ओळीसकट. प्रवचन लांबलं. इटालियन निम्मंच कळलं, बाकावर पाय गारठले.

जेवणाने मात्र सगळं भरून काढलं. 'सूपा बार्बेत्ता' म्हणजे ग्रिस्सिनी, तोरिनोच्या त्या कुरकुरीत पावाच्या काड्या, कोबीच्या पानांबरोबर थर देऊन रश्श्यात मंद शिजवलेल्या. दिसायला अगदीच साधं, पण मी तीनदा वाढून घेतलं. नावामागे 'बार्बा', इथल्या बोलीत काका. कॅथलिक पुरोहित 'फादर', म्हणून यांनी आपल्या फिरत्या उपदेशकांना काका म्हटलं. फेरीवाल्यांच्या वेशात हे काका जोडीजोडीने गावोगाव हिंडत. विरोधकांनी त्यावरून सगळ्यांनाच 'बार्बेत्ती' म्हणून हिणवलं आणि पुढे ते नाव सूपलाही चिकटलं. हिणवायचा शब्द ताटात घेऊन चवीने खाणं मला फार आवडलं.

बसकडे जाताना रात्रीच्या आगीच्या जागेवरून गेलो. राखेत अजून ऊब होती. मी सवयीने वाकून बोटावर राख घेतली आणि कपाळाला लावणार, एवढ्यात सिन्योरांनी घाईघाईने पर्समधून कागदी रुमाल काढून माझ्या हातात दिला.