वासोटा, एकदाचा

सातारकर असून वासोटा किल्ला केला नाहीस, हा टोमणा आजपासून बंद. पहाटे कासमार्गे बामणोली गाठली, तिथून शिवसागर जलाशयातून बोट. कोयना धरणाच्या या पाण्याखाली कितीतरी गावं गेली आहेत. तास-दीड तास नुसतं निळं पाणी बघताना तेच डोक्यात होतं.

पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची चौकी. प्लॅस्टिक मोजून घेतात, परतताना तेवढंच दाखवायचं. बरं करतात! हे व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, मुक्कामाला बंदी.

मारुतीच्या देवळापासून चढ सुरू. आधी गर्द झाडी, ऊन लागत नाही, म्हणून माणूस फुशारतो. नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा मागे पडला की कारवीची झुडपं, कातळ आणि ऊन. पोटऱ्या तिथेच बोलायला लागल्या.

पण बाबूकडा! घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो तुटलेला कडा, समोर जुना वासोटा आणि खाली थेट कोकण. पोटावर झोपून डोकावलो, उभं राहायची छातीच झाली नाही. याच गडावर ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवलं. १८१८ ला इंग्रजांनी तोफा डागल्या तेव्हा मात्र गड पडला.

कोकणातून चोरवण्याहून नागेश्वरमार्गे वर येणारी वाट कुणी केलीय का? पाणी कुठे मिळतं तेवढं सांगा. तूर्तास गुडघ्यांना तेल चोळतोय आणि घरचे हसतायत.