नॉटिंगहॅमची रॅले आणि माझे नखरे

इथे जुन्या सायकली जमवायचा नाद लागलाय मला, आणि घरून फोन आला की एकच प्रश्न, अरे त्या पैशात नवी का नाही घेत? आता काय सांगणार. आपल्याकडे आजोबा लोकांच्या काळात रॅले म्हणजे मिजास होती, आसनसोलला सेन-रॅले बनायची, पण मूळ गाव हे, इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. इथलं प्रॉडक्शन २००२ ला बंद झालं, कारखान्याच्या जागेवर युनिव्हर्सिटीचा ज्युबिली कॅम्पस आहे.

पण सायकली मात्र आहेत अजून, कुणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडलेल्या, रविवारच्या कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) स्वस्तात मिळून जातात. मी आधी मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचा भाग, पुसून बघतो. स्टर्मी-आर्चर कंपनीचा, आत तीन गिअर असलेला ए-डब्ल्यू मॉडेलचा हब असेल तर त्यावर साल आणि महिना ठोकलेला असतो, म्हणजे सायकलीची जन्मपत्रिकाच (हब नंतर बदलला असेल तर गेलं सगळं). १९३६ चं डिझाइन आहे हे, थोडं तेल सोडत राहिलं की वर्षानुवर्षं चालतं. फक्त केबल ढिली पडली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये पेडल एकदम मोकळं फिरतं, आणि तुम्ही उभं राहून मारत असाल तर मग देवाचंच नाव घ्या.

आता माझे नखरे. रंगाला हात लावायचा नाही. हिरवा रंग उडालेला, सोनेरी अक्षरं अर्धी पुसलेली, पुढच्या बिल्ल्यावरचा बगळा काळा पडलेला, हे सगळं तसंच ठेवायचं. काही लोक पावडर कोटिंग करून चकाचक करतात, मला ती लग्नाच्या हॉलमधल्या शोपीससारखी वाटते. पण ब्रेकच्या बाबतीत मी अजिबात भावनिक नाही!! क्रोमची स्टीलची रिम पावसात भिजली की ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू, सारखंच, आणि इथे पाऊस कधी नसतो? म्हणून अॅल्युमिनियमची रिम टाकतो, जपानी घरगुती सायकलींचा साइज तोच असल्यामुळे ती मिळतेही सहज. मागचं १८ दात्यांचं चक्र काढून २२ चं, म्हणजे चढावर जीव जात नाही. रॉड ब्रेकवालीला मात्र ही रिम जमत नाही कारण तिचे ब्रेक रिमला आतून लागतात, मग ती उन्हाच्या दिवसांची गाडी.

दोन्ही पेडलचे दांडे जोडणाऱ्या मधल्या एक्सलच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) बाबतीत रॅलेने सगळ्यांना कामाला लावलंय, बाकी ब्रिटिश सायकलींचे आटे इंचाला २४ आणि हिचे २६, त्यामुळे दुकानातला नवा पार्ट बसतच नाही, बेअरिंगचे जुनेच कप साफ करून नव्या गोळ्या घालायच्या.

रॅलेचीच चॉपर सायकल का नाही घेतलीस असं इथले मित्र विचारतात. ती लांब सीट आणि उंच हँडल यांच्या लहानपणाची आठवण असेल, माझ्या नाही, आणि किंमती तर विचारूच नका. त्यात माझ्या दोन रॉड ब्रेकवाल्या येतील.