पान १७ वरचे दिवे

टूर मॅनेजरचं खरं काम म्हणजे मुंडकी मोजणं. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवायला बसताना, उठताना. अमेरिका त्याच्या मधल्या वेळात दिसते. दुसरं काम चारचा चहा. तिसरं, खोलीत केटल नाही म्हणून रात्री अकराला दिलगिरी व्यक्त करणं. बाकीचं गाईड करतो, ड्रायव्हर करतो. इतकी वर्षं झाली की बहुतेक ग्रुप डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. डिसेंबर २०१६ चा ग्रुप मात्र अजून वेगळा बसलाय.

त्याची सुरुवात दोन वर्षं आधीची. ऑर्लँडोच्या डिस्नेज हॉलीवूड स्टुडिओज या थीम पार्कमध्ये ‘स्ट्रीट्स ऑफ अमेरिका’ नावाचा भाग होता. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को असे खोटे रस्ते. इमारतींच्या नुसत्या दर्शनी भिंती. नाताळात त्या भिंती, खिडक्या, कठडे दिव्यांनी मढवायचे. पन्नास लाख दिवे. गाणं लागलं की ते तालावर उघडझाप करायचे आणि वरून साबणाच्या फेसाचा बर्फ पडायचा. तोही फ्लोरिडात, स्वेटर घालू की नको अशा हवेत.

तिथे नेण्याआधी बसमध्ये मी माइकवर ओसबोर्नची गोष्ट सांगायचो. आर्कान्सातल्या लिटल रॉक गावी जेनिंग्स ओसबोर्न नावाच्या पैसेवाल्या गृहस्थाने १९८६ मध्ये लहान मुलीच्या हट्टापायी घराला दिवे लावले. पुढच्या वर्षी आणखी, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त. आकडा तीस लाखांच्या वर गेला. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबू लागला, शेजारी कोर्टात गेले, प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत गेलं आणि ओसबोर्न हरले. मग १९९५ मध्ये डिस्नेने ते दिवे फ्लोरिडाला आणले. आपल्या लोकांना ही गोष्ट फार पटते. मांडव, लाऊडस्पीकर, सोसायटीतला तक्रारखोर शेजारी, सगळं घरचंच.

आणि मांजर. ओसबोर्नांच्या सामानाबरोबर हॅलोवीनच्या सजावटीतलं एक मांजरही चुकून आलं होतं. ते टाकून न देता दर हंगामात त्या झगमगाटात कुठेतरी लपवून ठेवायची तिथे पद्धत पडली. मी ग्रुपला सांगायचो, मांजर शोधा आणि सापडलं की मला येऊन सांगा. या धंद्यात मला सुचलेली ही सर्वांत मोठी अक्कल. मांजर शोधणारा माणूस रस्ता सोडून जात नाही आणि सांगायला परत येतोच. मुंडकी आपोआप मोजली जातात.

२०१४ च्या नाताळ ग्रुपमध्ये वीज बोर्डातून निवृत्त झालेले एक काका होते, कराडकडचे. सगळे वर बघत असताना हे खाली वाकून वायरी बघत होते. मग माझ्याकडे आले. “सर, सगळे एलईडी आहेत ना?” मी म्हटलं, २०११ पासून. “एका दिव्याला वॉटचा दहावा भाग धरा. पन्नास लाख गुणिले. पाच लाख वॉट. म्हणजे आपला ६३० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर. एका ट्रान्सफॉर्मरवर एवढं गाव नाचतंय!” तिसऱ्या गाण्याला त्यांनी हिशेब सोडला. चौथ्याला चष्मा काढून पुसला. मांजर काकूंनी शोधलं, एका खिडकीत. काकांना ते दाखवूनही बराच वेळ दिसेना.

जेवणाची वेळ साडेआठ होती. इंडियन रेस्टॉरंटमध्ये ग्रुप एकामागून एक बसवतात. आपला नंबर चुकला की चुकला. काका हलेनात, त्यांचं बघून बाकीचेही हलेनात. शेवटी मी पुलाव आणि बटाट्याची भाजी फॉइलच्या डब्यांत भरून मागवली आणि सगळे बसमध्ये जेवले. हेड ऑफिसने नंतर विचारलं, कोणाच्या परवानगीने? तिथे बसलेल्या माणसांना टूर म्हणजे एक्सेल शीट वाटते.

सप्टेंबर २०१५ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की हा शेवटचा हंगाम. त्या जागी ‘स्टार वॉर्स’ आणि ‘टॉय स्टोरी’चे नवे भाग येणार होते. लोकांची गर्दी बघून मुदत तीन दिवसांनी वाढवली आणि ६ जानेवारी २०१६ ला दिवे कायमचे बंद झाले. वसंतात रस्ताही बंद झाला. हे मी त्याच वेळी वाचलं होतं. दोघा सहकाऱ्यांना पाठवलंही होतं.

ऑक्टोबरात नव्या नाताळ टूरचं माहितीपत्रक हातात आलं. पान १७, दिवस नववा : ‘संध्याकाळी ओसबोर्न दिव्यांची जगप्रसिद्ध नृत्यरोषणाई.’ तारखा बदलल्या होत्या, दर बदलले होते, मजकूर तोच. मी फोन केला. “बघतो,” असं उत्तर आलं. या धंद्यात ‘बघतो’चा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं, तरी मी पुन्हा फोन केला नाही.

मग नोव्हेंबरात नोटाबंदी आली. शेवटचा हप्ता भरायला लोक बँकांच्या रांगांत उभे. चार बुकिंग रद्द झाली. अशा अवस्थेत दादरला हॉलमध्ये प्री-टूर मीटिंग. व्हिसा, औषधं, बॅगेचं वजन, लोणच्याची बाटली चेक-इनमध्येच, हे नेहमीचं सांगून झालं आणि तिसऱ्या रांगेतून कराडचे काका उठले. या वेळी ते नऊ जणांना घेऊन आले होते. भाऊ, मेव्हणा, त्यांच्या बायका, मुलं. “मी सगळ्यांना एकच सांगतो,” ते हॉलकडे वळून म्हणाले, “बाकीचं काही बघा न बघा, नवव्या दिवसाचे दिवे बघा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक माझ्या हातात होता. ऑफिसचा माणूस शेजारी बसला होता, त्याने माझ्यापुढच्या कागदावर पेनाने लिहिलं : ‘नंतर’.

मी म्हटलं, “तर मंडळी, आता फॉरेक्सबद्दल.”

पुढचे आठ दिवस सांगता आलं असतं. रोज सकाळी मी ठरवायचो. पण सकाळी सगळे खुशीत असतात आणि संध्याकाळी दमलेले, आणि ग्रुपचा मूड एकदा गेला की पुढच्या सगळ्या मुक्कामांत खोल्या लहान वाटतात, भाजी अळणी लागते. हे कारण खरं आहे. ते माझ्या सोयीचं होतं हेही खरं आहे.

नवव्या दिवशी मी पार्कचा तो कोपरा मुद्दाम शेवटी ठेवला. त्या वर्षी सनसेट बुलेव्हार्डच्या टोकाच्या उंच हॉटेल टॉवरवर नाताळचं नवं प्रोजेक्शन सुरू झालं होतं. मनात जुळवाजुळव चालली होती की आधी ते दाखवू, मग हळूच सांगू. पण काकांना रस्ता पाठ होता. अंधार पडायला लागल्यावर त्यांनी आपली नऊ माणसं घेतली आणि चालायला लागले. मी मुंडकी मोजत मागे राहिलो. पोचलो तेव्हा ते सगळे एका आडव्या भिंतीसमोर उभे होते. बांधकामाभोवती घालतात तशी उंच, सपाट भिंत. पलीकडे काही दिसत नव्हतं. अलीकडे साधे पिवळे खांबदिवे.

काकांनी भिंतीला हात लावून बघितला, जसा मीटरच्या पेटीला लावतात. मग डावीकडे गेले, उजवीकडे गेले. भावाच्या मुलाने, असेल तेरा-चौदा वर्षांचा, फोन काढला. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. त्याने स्क्रीन काकांसमोर धरली. काकांनी चष्मा वर करून वाचलं, सावकाश, बहुतेक दोनदा.

“सर,” ते म्हणाले, “तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हटलं, “आत्ताच काका. इथे आल्यावर.”

मेव्हणे चिडले. त्यांच्या सौ. म्हणाल्या, याच्यासाठी दिवाळीत गावी गेलो नाही आम्ही. काका काही बोलले नाहीत. ते मुलांना सांगायला लागले, इथून रस्ता सुरू व्हायचा, तिथे कमान, त्या बाजूला खिडकी, खिडकीत मांजर. भिंतीच्या वर, हवेत बोट दाखवून. काकू म्हणाल्या, “खिडकी डावीकडे होती हो.” त्यावर दोघांचा वाद झाला.

टॉवरवरचं प्रोजेक्शन बाकीच्यांना आवडलं. मुलांना तर खूपच.

परत जाताना बसमध्ये कुजबुज सुरू झाली. फसवणूक, कन्झ्युमर कोर्ट, असले शब्द मागून येऊ लागले. काका उठले, पुढे आले आणि माझ्याकडे माइक मागितला. “मंडळी,” ते म्हणाले, “दिवे गेले. मी तुम्हाला आणलं, मी माफी मागतो. सरांचा यात दोष नाही, त्यांनाही आपल्याबरोबरच कळलं.” तो मुलगा पहिल्या ओळीत बसला होता, मांडीवर फोन उघडा. स्क्रीनवर २०१५ आकडा मला माझ्या जागेवरून दिसत होता. काकांनाही दिसत असणार. ते माइक माझ्या हातात देऊन जागेवर गेले. मी अडतीस मोजले आणि उद्याची निघायची वेळ सांगितली.

शेवटच्या रात्री फीडबॅक फॉर्म भरून घेतात. त्यावर टूर मॅनेजरची बढती आणि पुढची सेक्टर ठरतात, म्हणून आम्ही हॉटेलच्या खोलीत ते एकेक करून वाचतो. काकांच्या फॉर्मवर हॉटेल : चांगले. जेवण : चांगले. टूर मॅनेजर : उत्तम. खाली ‘सूचना’च्या रकान्यात बोर्डाच्या लॉगबुकात लिहावं तशा अक्षरात एकच ओळ होती. ‘माहितीपत्रक छापण्यापूर्वी संबंधित माणसाला दाखवून त्याची सही घ्यावी.’

संबंधित माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

फॉर्म मी ऑफिसला जमा केला. २०१७ च्या माहितीपत्रकात पान १७, दिवस नववा असा छापून आला : ‘संध्याकाळी नाताळची आकर्षक रोषणाई.’ सही कुणी मागितली नाही.